कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

मागच्या रविवारी विहारातील वंदना संपली. मंडळी चटया गुंडाळू लागली, तेव्हा वस्तीतील एक भगिनी आमच्याजवळ आल्या. वय पस्तीस-छत्तीस. चार घरची धुणीभांडी करून संसार चालवतात. त्यांनी दोन्ही हात आमच्यापुढे धरले आणि म्हणाल्या, "दादा, हात जोडायला गेले की बोटं सरळ होत नाहीत. सकाळी तर चहाचा कपही धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, वाताचा आजार आहे, गोळ्या घ्या आणि व्यायाम करा. सासूबाई म्हणतात, दिवसभर राबतेस तो काय व्यायाम नाही? शेजारीण म्हणते, हलू नकोस, सांधे जातील. मी ऐकू कुणाचं?"

वाचकहो, हा प्रश्न एकट्या त्या भगिनीचा नाही. कष्टकऱ्यांच्या घराघरांत तो आहे. आमच्या स्वतःच्या घरात तो उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर आम्ही एकदा नव्हे, दोनदा चुकलो होतो. आम्ही डॉक्टर नाही, कारकुनी करणारे माणूस आहोत. पण चूक झाली तेव्हा डॉक्टरांना खोदून खोदून विचारले, मिळेल ते वाचले. जे पदरी पडले ते आज या सदरात मांडत आहोत.

आमच्या थोरल्या भगिनींना सारी वस्ती आक्का म्हणते. एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत त्या ठेकेदाराकडे साफसफाईचे काम करीत. २०१८ च्या पावसाळ्यात त्यांची बोटे सुजू लागली. पहाटे उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नसे. नळाची तोटी फिरेना, फडके पिळता येईना. आम्ही काय म्हणालो? "आक्का, रोज एवढ्या बादल्या उचलतेस, हात दुखणारच." झाली पहिली चूक. आजाराला आम्ही थकवा समजलो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. असे सात महिने गेले.

शेवटी मोठ्या रुग्णालयात रक्त तपासले, हातापायांचे फोटो काढले आणि आजाराचे नाव कळले. डॉक्टर त्याला रुमेटॉइड संधिवात म्हणतात, जुनी माणसे आमवात म्हणतात. नाव ऐकून आम्ही घाबरलो आणि दुसऱ्या टोकाला गेलो. आक्कांना खाटेवर बसवले. "आक्का, तू आता काडीही उचलायची नाहीस." दाजींनी स्वयंपाक हाती घेतला, भाच्याने पाणी भरले. प्रेमापोटीच केले सारे. पण चार महिन्यांत आक्कांच्या मांड्या वाळल्या, खांदा आखडला, संडासला बसले की उठता येईना. सूज औषधाने उतरत होती आणि अंगातली ताकद आमच्या प्रेमाने उतरत होती. ही दुसरी चूक.

आता हा आजार आहे तरी काय, ते आधी पाहू.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. या आजारात ती फौज वाट चुकते आणि आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजते, जाड होते, सांधा गरम लागतो. वेळीच आवर घातला नाही तर आतली कूर्चा आणि हाड कुरतडले जाते, बोटे वाकडी होतात. उतारवयात गुडघे झिजतात तो आजार वेगळा. झिजेचे दुखणे बहुधा चालून-राबून वाढते आणि बसल्यावर कमी होते. इथे उलटे. रात्रभराच्या विश्रांतीनंतर सकाळी सांधे सर्वांत जास्त आखडलेले असतात आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू सुटतात. बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, मनगटे, पायाचे चवडे, हे बहुधा दोन्ही बाजूंना एकदम सुजतात. सोबत थकवा असतो, कधी बारीक तापही असतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दोन ते तीन पट अधिक होतो, आणि तो पुष्कळदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन राबण्याच्या वयात गाठतो.

हे दुखणे श्रीमंतांचे किंवा शहरातले आहे असेही कुणी समजू नये. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारले. त्यांतल्या सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांची वा स्नायूंची काही ना काही दुखणी होती. रुमेटॉइड संधिवात साधारण दोनशे माणसांत एकाला निघाला. म्हणजे आपल्या हजार-दीड हजारांच्या वस्तीत अशी पाच-सात माणसे असावीत. त्यांतल्या किती जणांना आपल्या आजाराचे नाव ठाऊक आहे?

आता मूळ प्रश्न. हलायचे की पडून राहायचे?

आमच्या शेजारणी पडून राहायला सांगतात म्हणून त्यांना हसू नये. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठे डॉक्टरही तेच सांगत. रुग्णांना आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवत, सांध्यांना पट्ट्या बांधत. सुजलेला सांधा हलवला तर तो लवकर खराब होईल, ही भीती त्यामागे होती. पुढे ती भीती तपासून पाहिली गेली. नेदरलँड्स या देशात ३०९ रुग्णांवर दोन वर्षे प्रयोग केला आणि त्याचा निष्कर्ष २००३ मध्ये छापून आला. निम्म्या रुग्णांना आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी सव्वा तास, चांगला घाम काढणारा व्यायाम दिला: सायकल, ताकदीचे प्रकार, खेळ. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. व्यायाम करणाऱ्यांची कामे करण्याची क्षमता वाढली आणि त्यांचा आजार काही बळावला नाही. मात्र ज्यांचे गुडघे, खांदे असे मोठे सांधे आधीच फार खराब झाले होते, त्यांनी जास्त भाराचा व्यायाम जपून करावा, असे त्या संशोधकांना दिसले.

हातांचेही तसेच. इंग्लंडमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात लोकांना हाताचे ११ सोपे व्यायाम शिकवले. सात बोटे-मनगटे मोकळी करणारे, चार ताकद वाढवणारे. ते घरी रोज करायचे. वर्षअखेर या लोकांच्या हातांच्या कामात झालेली सुधारणा नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होती, आणि दुखणे वाढले नव्हते. हा निष्कर्ष २०१५ चा. आज युरोप आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्था औषधांसोबत नियमित व्यायामाचा सल्ला देतात.

मग सासूबाईंचे म्हणणे खरे ठरले का? दिवसभर राबते, म्हणजे व्यायाम झाला? इथेच सगळी मेख आहे.

बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. संधिवात झालेल्या काही उंदरांना शेपटीने असे टांगून ठेवले की मागचे पाय जमिनीला टेकू नयेत. त्या पायांत सूज फारशी आलीच नाही. जे उंदीर चाकावर धावत होते त्यांना सूज अधिक आली. म्हणजे आजार रक्तातला असला तरी ज्या सांध्यावर ताण पडतो तिथे तो अधिक उमटतो. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि त्या उंदरांचा आजार औषधाने आवरलेला नव्हता, हे ध्यानात ठेवावे. माणसांतही २०१७ मध्ये स्वीडनमधील एक अभ्यास आला. जड वजने उचलणे, वारंवार वाकणे आणि वळणे, हातांची तीच ती हालचाल करीत राहणे, अशी कामे ज्यांच्या वाट्याला आली होती त्यांच्यात हा आजार होण्याचे प्रमाण जास्त आढळले. एकट्या कष्टाने आजार होतो असे नव्हे. रक्ताची वारसदारी आहे, विडी-सिगारेट आहे, इतरही कारणे आहेत. पण कष्टाचा भार त्यात पडतो, एवढे मानायला जागा आहे.

म्हणजे एकीकडे डॉक्टर सांगतात व्यायाम करा, आणि दुसरीकडे दिसते की ताणाने सूज वाढते. दोन्ही खरे कसे? आम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. कष्ट हा खर्च आहे आणि व्यायाम ही जमा आहे.

धुण्याचा पिळा देताना तेच मनगट, तीच बोटे शंभर वेळा पिळली जातात. शरीराचे बाकीचे स्नायू तसेच राहतात. किती वेळ करायचे हे आपण ठरवत नाही, मालकीण ठरवते, ठेकेदार ठरवतो, नळाला पाणी किती वेळ आहे ते ठरवते. दुखले तरी थांबता येत नाही. सांधा सुजलेला असला तरी सुट्टी नाही. व्यायामात सगळ्या सांध्यांना त्यांच्या वाट्याची हालचाल मिळते, भार मोजून-मापून वाढवता येतो, मध्ये विसावा असतो आणि दुखले की थांबता येते. स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार ते आपल्या अंगावर घेतात. शिवाय या आजारात हृदयविकाराचा धोका वाढतो आणि हाडे ठिसूळ होतात. चालण्याने, ताकदीच्या व्यायामाने त्या दोन्हींना आधार मिळतो. दिवसभर कष्ट केलेल्या बाईच्या खात्यात संध्याकाळी खर्चच लिहिलेला असतो, जमेची बाजू कोरी.

आक्कांना रुग्णालयातील व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी जे सांगितले, ते आम्ही वहीत लिहून ठेवले होते. थोडक्यात असे.

सांधा लाल, गरम, टचटचीत सुजलेला असेल त्या दिवसांत त्याला विसावा द्यावा. पण पूर्ण गप्प ठेवू नये. दिवसातून दोन-तीन वेळा हलक्या हाताने, होईल तेवढा वाकवावा आणि सरळ करावा, म्हणजे आखडत नाही. बाकीचे शरीर चालते ठेवावे.

सूज आवाक्यात आली की चालणे सुरू करावे. आधी दहा मिनिटे, मग हळूहळू वाढवत आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून छाती पुढे-मागे नेणे, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणे. हातांसाठी पंजा टेबलावर पसरणे, बोटे फाकवणे आणि जुळवणे, सैल मूठ करून उघडणे, अंगठा एकेका बोटाला लावणे, ओला मऊ स्पंज हलकेच दाबणे.

वेळ भल्या पहाटेची धरू नये. अंग मोकळे झाल्यावर, अंघोळीनंतर बरे. सकाळी कोमट पाण्यात हात पाच-दहा मिनिटे ठेवले तरी बोटे सुटतात.

भार जास्त झाला की योग्य झाला हे कसे ओळखावे? व्यायामानंतर सांधा दुखला आणि दोन तासांत शांत झाला, तर ठीक. दोन तासांनंतरही दुखणे वाढलेलेच असेल, तर पुढच्या वेळी कमी करावे. बंद करू नये, कमी करावे.

आजार जुना असेल तर मानेचे वरचे मणकेही सैल होऊ शकतात. त्यामुळे मानेला झटके देणे, मान मोडून घेणे, शीर्षासन करणे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये.

आता कष्टाच्या खात्यातला खर्च कमी कसा करायचा तेही पाहू. काम सोडा म्हणणे सोपे आहे, पण काम सोडले तर चूल कशी पेटायची? म्हणून काम तेच, पण रीत बदलावी. हंड्याऐवजी लहान कळशी, दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालेल. पातेले बोटांच्या चिमटीत न धरता दोन्ही तळव्यांवर घ्यावे. फडके मुठीत पिळण्याऐवजी नळाला वेढा घालून ओढावे. पिशवी बोटांना न अडकवता खांद्याला लावावी. फरशी बसून पुसण्याऐवजी लांब दांड्याने पुसावी. एकच काम तासभर रेटण्यापेक्षा वीस मिनिटांनी दुसरे हाती घ्यावे. लहान गोष्टी आहेत, पण सांध्याच्या लेखी त्या लहान नाहीत.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. व्यायाम हा औषधाच्या जागी नाही, औषधाच्या सोबत आहे. सहा आठवड्यांहून अधिक काळ सांधे सुजलेले असतील आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल, तर वाट पाहू नये. मोठ्या सरकारी वा महापालिकेच्या रुग्णालयात जावे, ईएसआयचे कार्ड असेल तर तिथे जावे आणि संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायचे आहे असे स्पष्ट सांगावे. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर सांधे वाचतात. आम्ही ते महिने दवडले, म्हणून आक्कांची दोन बोटे आज वाकडी आहेत.

या आजारावर बहुतेकांना मेथोट्रेक्सेट ही गोळी देतात. ती आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. ज्या घरात वाचता न येणारी आजी ही गोळी घेत असेल, तिथे वार ठरवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करावी. अधूनमधून रक्त तपासावे लागते. मूल हवे असेल किंवा दिवस राहिले असतील तर ही गोळी चालत नाही, डॉक्टरांना आधी सांगावे. आणि "एका पुडीत दुखणे गायब" म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हे औषध या आजारावर प्रथम वापरले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली आणि १९५० मध्ये त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. पण थोड्याच काळात त्याची दुसरी बाजूही दिसली: ठिसूळ हाडे, वाढलेली साखर, सुजलेला चेहरा. डॉक्टरांच्या हाती ते औषध आहे. पुडीवाल्याच्या हाती ते काय आहे, हे सांगायला नको.

आता शेवटचे आणि आमच्या मते सर्वांत अवघड. व्यायामाला पैसा लागत नाही, पण वेळ लागतो. चार घरची भांडी घासून, स्वतःच्या घरचे पाणी, स्वयंपाक, मुलांचे डबे उरकणाऱ्या बाईने तो अर्धा तास आणायचा कुठून? तिला "व्यायाम कर" म्हणणे म्हणजे तिच्या कामाच्या यादीत आणखी एक काम वाढवणे. तो अर्धा तास घरातल्या माणसांनी तिला द्यावा लागतो. आमच्या घरात हे कळायला वर्ष गेले. खाटेवर बसवून आक्कांचे सगळे काम काढून घेणे आम्हाला जमले होते, कारण त्यात आमचा त्याग दिसत होता. रोज अर्धा तास न बोलता, न चुकता देणे जड गेले. आज दाजी सकाळचे पाणी भरतात, भाचा कपडे पिळतो, आणि आक्का साडेसातला वस्तीमागच्या रस्त्याने चालायला जातात. आजार गेलेला नाही. गोळी चालू आहे. पावसाळ्यात दोनदा सूज आली होती. ठेकेदाराने काम पुन्हा दिले नाही, म्हणून त्या आता दोन घरी स्वयंपाक करतात. पण संडासला बसून उठतात, केस स्वतः विंचरतात, नातवाला कडेवर घेतात.

विहारातील त्या भगिनींना आम्ही हेच सांगितले. येत्या रविवारी त्या आक्कांकडे येणार आहेत, हाताचे व्यायाम पाहायला. आम्ही त्यांच्या सासूबाईंनाही बोलावले आहे आणि त्यांच्या यजमानांनाही. कारण हात एकीचे दुखत असले तरी हिशेब साऱ्या घराचा आहे.

बंधूंनो, तुमच्या घरात कुणी सकाळी मूठ वळत नाही म्हणत असेल, तर उद्याचा हंडा तिला उचलू देऊ नका. आणि तिला खाटेवरही बसवू नका. चालायला पाठवा.